घसा धरलाय? नाशिकच्या रविवार कारंजाकडचं काष्ठौषधीचं दुकान आणि तिथून आणलेल्या सामानाचा रिव्ह्यू

आधी निकाल सांगून टाकते, म्हणजे घाईवाल्यांनी इथूनच परत फिरावं. दुकानाला पाचपैकी चार. ज्येष्ठमधाच्या काडीला पाचपैकी पाच, खदिरादि गोळीला साडेचार, सितोपलादि चूर्णाला चार, आणि तयार काढ्याच्या पुड्याला दीड, तोही फक्त वास छान येतो म्हणून. आता ज्यांचा घसा बसलाय आणि बोलता येत नाही म्हणून वाचत बसायला वेळ आहे त्यांनी पुढे या.

दुकान सुक्या औषधी मुळ्या, साली, काड्यांचं, पण नाव मुद्दाम लिहीत नाहीये. एक तर पाटीवरची अर्धी अक्षरं उडालीत आणि आमच्या घरात सगळे नुसतं "काष्ठौषधीवाले" म्हणतात, आणि दुसरं म्हणजे मी जे सामान सांगणार आहे ते जुन्या नाशकातल्या कुठल्याही धड दुकानात मिळेल. रविवार कारंजावरून मेन रोडकडे चालत निघालात की त्या सगळ्या पट्ट्यात पूजेचं सामान, मसाले, सुकामेवा आणि मधेच ही अशी दुकानं. चारचाकी आणायच्या भानगडीत पडू नका, पार्किंग नाही म्हणजे नाही, टू व्हीलर पण दोन चकरा मारल्यावर लागते.

मी सिडकोत आठवी ते दहावीचे गणिताचे क्लास घेते. संध्याकाळी पाठोपाठ बॅचेस, शेवटच्या बाकावरच्या महाशयांना ऐकू जावं म्हणून वरच्या पट्टीत बोलायचं, त्यात नाशिकची थंडी, आणि यंदा सिंहस्थाच्या कामांमुळे जिकडे तिकडे खोदलेलं, धूळ इतकी की स्कार्फ बांधूनही नाकातोंडात जाते. तर डिसेंबरात घसा धरला. सुरुवात नेहमीसारखी, संध्याकाळी खवखव, रात्री गिळताना काटे टोचल्यासारखं, सकाळी उठून मुलीला हाक मारायला गेले तर आवाजच नाही. निफाडचा पारा किती खाली गेला ही बातमी टीव्हीवर लागली की आमच्या घरात कुणाचा तरी घसा जातोच असा माझ्या नवऱ्याचा सिद्धांत आहे. म्हणलं यावेळी मेडिकलमधल्या रंगीत गोळ्या चघळत बसायच्या आधी दुकानात जाऊन नीट सामान आणूया.

दुकान आतून जुनंच आहे, भिंतभर लाकडी खण, प्रत्येकावर कागदाची चिठ्ठी, काउंटरवर लोखंडी खलबत्ता आणि शेजारी यूपीआयचा स्कॅनर. वास असा की आत गेल्या गेल्या अर्धं नाक मोकळं होतं, वेखंड, ओवा, कापूर, सुंठ सगळं एकत्र. गल्ल्यावरचे काका कमी बोलतात पण जे विचारायचं ते विचारतात आणि माझ्या मते चारपैकी दोन स्टार तिथेच मिळवतात. मी यादी दिली तर पहिला प्रश्न, "ताई, घेणार कोण? घरात बीपी आहे का कुणाला?" आहे ना, सासऱ्यांना आहे, आणि त्यांचाही घसा त्याच आठवड्यात धरलेला. "मग अप्पांना ज्येष्ठमध नका देऊ, त्यांना बेहड्याची साल देतो." हे एवढं मेडिकलमध्ये सुद्धा कोणी विचारत नाही हो. यामागचं कारण असं की ज्येष्ठमधात जो गोड घटक असतो, ग्लिसिरायझिन, तो जास्त पोटात गेला तर अंगात मीठ-पाणी धरून ठेवतो, पोटॅशियम कमी करतो आणि बीपी वाढवतो. एखाद दिवस काडी चघळली तर धडधाकट माणसाला काही होत नाही पण बीपीवाले, हृदयाचे पेशंट, किडनीचा त्रास असलेले, लघवी जास्त होण्याच्या गोळ्या चालू असलेले आणि गरोदर बायका, यांनी त्या वाटेला जाऊच नये. आणि बाकीच्यांनीही महिना-महिना रोज घेत राहायचं नाही, "नैसर्गिक आहे काय होतंय" हे वाक्य ज्येष्ठमधाच्या बाबतीत तरी चालत नाही.

माझ्यापुढे एक बाई होती, कडेवर आठेक महिन्यांचं बाळ, त्याला खोकला. तिला चाटणासाठी मध हवा होता. काका सरळ म्हणाले वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवायचा नाही, मुलांच्या डॉक्टरकडे घेऊन जा. ती म्हणाली आमच्याकडे जन्मल्यावर मध चाटवतातच, तर म्हणाले चाटवत असतील, मी नाही देणार. बरोबर आहे त्यांचं, मधात एका जंतूचे बीजाणू असू शकतात, मोठ्या माणसाच्या आतड्यात त्यांचं काही चालत नाही पण तान्ह्या बाळाच्या आतड्यात ते वाढून विष तयार करतात आणि बाळ लुळं पडू शकतं. गिऱ्हाईक परत पाठवणारा दुकानदार म्हणून मला तो माणूस तिथेच पटला.

आता सामानाकडे येते. घसा दुखतो तेव्हा घरातलं प्रत्येक माणूस एकेक उपाय सांगतं आणि सगळे एकदम करायला गेलं तर पोटाची वाट लागते. म्हणून मी एकच निकष लावला, ती वस्तू घशात किती वेळ टिकते. दुखतंय कुठे, तर घशाच्या आतल्या सुजलेल्या कोरड्या पडलेल्या अस्तराला. गटागट प्यायलेली गोष्ट तिथून क्षणात खाली जाते. चघळलेली, चाटलेली, गुळणी केलेली गोष्ट तिथे रेंगाळते, लाळ सुटते, अस्तरावर पातळ थर बसतो आणि आराम वाटतो. आमच्या आजीची सगळी औषधं चाटण नाहीतर तोंडात धरायची का असायची ते मला हे असं बघितल्यावर कळलं.

त्या हिशोबाने ज्येष्ठमधाची काडी सगळ्यात वरची. बोटाएवढा तुकडा गालात ठेवायचा, हळूहळू दातांनी दाबायचा, अर्धा तास सहज जातो. ग्लिसिरायझिन साखरेपेक्षा तीस ते पन्नास पट गोड असतं, त्यामुळे चव येत राहते आणि तोंडाला पाणी सुटत राहतं, कोरडी ढास लागते तिला याच्याइतकं पटकन थांबवणारं घरगुती काही मला तरी माहीत नाही. भूल देताना घशात नळी घालतात ना, त्याने नंतर घसा दुखतो, त्यासाठी ऑपरेशनच्या आधी ज्येष्ठमधाच्या पाण्याच्या गुळण्या करून बघितल्याचे अभ्यास झालेत आणि फायदा दिसलाय, म्हणजे नुसतं आजीचं खूळ नाही. माल बराचसा इराण अफगाणिस्तानकडून येतो. काकांकडे दोन प्रकार होते, सोललेला आणि सालीसकट. मी सालीसकट घेतला, तुकडा मोडून बघितला, आत पिवळा धमक आणि रेषा रेषा दिसल्या, जिभेला लावल्यावर लगेच गोड. आतून मळकट तपकिरी निघाला, लाकडासारखा लागला तर तो जुना, घेऊ नका. पावडर तर अजिबात घेऊ नका, त्यात काय आहे ते कळायला मार्ग नाही आणि ती घशात उडून ठसका लागतो तो वेगळाच. क्लासमध्ये शिकवताना गालात काडी ठेवून शिकवलं, पोरं हसली, हसू देत.

खदिरादि वटीला अर्धा मार्क कापला तो फक्त चवीसाठी. खैराचा कात, जायफळ, कंकोळ (मिरीसारखं दिसणारं वासाचं फळ), कापूर, सुपारी असा तिचा मूळ पाठ आहे, म्हणजे थोडक्यात पानाशिवायचा विडाच. कातामुळे घसा आवळल्यासारखा होतो, कापराने थंड वाटतं. तुरट आणि कडवट आहे, लहान मुलं थुंकून टाकतात, माझ्या मुलीने टाकली. पण आवाज बसलेल्या माणसाने दिवसातून तीन चार वेळा एकेक गोळी जिभेखाली धरावी, गिळायची नाही, विरघळू द्यायची. लोक पाण्यासोबत गिळतात आणि मग म्हणतात गुण आला नाही, कसा येईल. सुपारी ज्यांना वर्ज्य आहे त्यांनी डबीवरचे घटक वाचून घ्या.

सितोपलादि मी दुकानातून तयार घेतलं नाही, घटक घेऊन घरी केलं आणि हा प्रकार मला फार आवडला कारण प्रमाण गणिताच्या बाईला आवडेल असंच आहे. खडीसाखर सोळा भाग, वंशलोचन आठ, पिंपळी चार, वेलची दोन, दालचिनी एक. दर वेळी निम्मं! मी दुसऱ्या दिवशी बॅचला भूमिती श्रेढी म्हणून हेच उदाहरण दिलं. बेरीज एकतीस, त्यात सोळा साखर, म्हणजे निम्म्याहून जास्त साखरच आहे, तेव्हा शुगरवाल्यांनी "आयुर्वेदिक आहे" म्हणून चमचे चमचे खाऊ नये, त्यात परत मध घालून चाटायचं म्हणजे गोडावर गोड. खरी गोम वंशलोचनात आहे. ते बांबूच्या पेरात साचून कडक झालेलं असतं, बहुतेक सगळं सिलिका, आणि महाग. काकांनी दोन डबे दाखवले, एकाचा भाव दुसऱ्याच्या कितीतरी पट. मी विचारलं फरक काय, तर शांतपणे म्हणाले स्वस्तातलं बांबूचं नाही. मग ठेवता कशाला हो? म्हणे लोक मागतात. इथे माझा थोडा हिरमोड झाला, विचारलं तर खरं सांगतात पण न विचारणाऱ्याला तेच बांधून देत असणार. मी खरं थोडंसं घेतलं. पाव चमचा चूर्ण, मधात कालवून, झोपताना चाटायचं आणि वरून पाणी प्यायचं नाही.

मधाबद्दल दोन शब्द. खोकला आणि घशाच्या खवखवीवर मध चांगला हे आता परदेशातले डॉक्टरही सांगतात, ब्रिटनमध्ये डॉक्टरांना उपचारांबद्दल मार्गदर्शन करणाऱ्या नाइस संस्थेच्या २०१९ च्या मार्गदर्शनात साध्या खोकल्यासाठी मधाचा उल्लेख आहे. पण मध मध असला पाहिजे. २०२० मध्ये दिल्लीच्या सीएसई या पर्यावरणावर काम करणाऱ्या संस्थेने मधाचे १३ ब्रँड तपासले त्यात सगळ्या चाचण्यांमध्ये पास झाले फक्त ३. आणि ते पाण्यात थेंब टाकून बघायचं, काडी पेटवून बघायचं, त्याने काही कळत नाही, साखरेचा घट्ट पाकही त्या परीक्षा पास होतो. थंडीत मधात खडे झाले म्हणून लोक बाटली परत करायला येतात असं काका सांगत होते, अहो खडे होणं हा मधाचा स्वभाव आहे, कोमट पाण्यात बाटली ठेवा, विरघळतो. आम्ही पेठ-सुरगाण्याकडचा ओळखीच्या माणसाकडून घेतो, त्याला जंगलाचा वास असतो, पण तोही शंभर टक्के खात्रीचा असं मी लिहून देणार नाही.

अप्पांना दिलेली बेहड्याची साल हे या सगळ्यातलं सरप्राइज. बी काढून टाकलेली वरची साल, तव्यावर तूप लावून जराशी भाजायची आणि तुकडा तोंडात धरायचा. चव काही नाही, तुरटपणा आहे. अप्पांचं म्हणणं रात्रीची ढास त्यानेच गेली, माझं म्हणणं अप्पा आठवडाभर घराबाहेर पडले नाहीत, गोदाघाटावर पहाटे फिरायला गेले नाहीत म्हणून गेली. दोघांचं खरं असेल. भाव मात्र इतका किरकोळ की सगळ्या पिशवीत तीच सगळ्यात स्वस्त.

आता काढा. हा पुडा मी त्या दुकानातून नाही घेतला, दुसरीकडच्या एका चकाचक दुकानातून घेतला होता, छान डबी, वर तुळशीचं चित्र. २०२० च्या लॉकडाउनमध्ये आयुष मंत्रालयाने सांगितलेला काढा आठवतो का, तुळस चार भाग, दालचिनी दोन, सुंठ दोन, काळी मिरी एक, तोच थोडाफार फिरवलेला. त्या वर्षी आख्ख्या नाशकाने तो प्यायला आणि निम्म्या नाशकाला ॲसिडिटी झाली. मिरी-सुंठीने घाम येतो, सर्दीत नाक मोकळं होतं, ते ठीक, पण घसा सोलवटलेला असताना तिखट पाणी ओतून काय मिळवायचं? ज्यांना आम्लपित्त आहे त्यांचा घसा तर त्याच पित्ताने जळत असतो, त्यात हा काढा. हाच नियम मिसळीला. रविवारी मिसळ खाल्ल्याशिवाय घसा मोकळा होत नाही असं म्हणणारे आमच्या गल्लीत आहेत, नाक वाहतं त्याला ते मोकळं म्हणतात. काढा प्यायचाच तर बुधवारच्या बाजारातून ताजा गवती चहा आणि तुळस आणा, आल्याचा छोटा तुकडा, मिरी विसरा, आणि कपभर काढा घोट घोट करत पंधरा मिनिटं प्या.

हळद-दुधाला मी मार्क देत नाही कारण ते मला आवडतं आणि निःपक्षपाती राहता येणार नाही. हळदीतलं करक्यूमिन अंगात फार कमी शोषलं जातं, मिरीची चिमूट घातली तर जास्त, पण खरं सांगायचं तर गरम दूध पिऊन झोप लागते आणि झोपेत माणूस बोलत नाही, घशाला यापेक्षा जास्त काय हवंय.

दुकानात विकत मिळत नाही म्हणून कुणी सांगत नाही ती गोष्ट म्हणजे मिठाच्या पाण्याच्या गुळण्या. पेलाभर कोमट पाण्यात पाव ते अर्धा चमचा मीठ. त्याहून जास्त घातलं तर उलट कोरडं पडतं. मान मागे टाकून पाणी घशापर्यंत गेलं पाहिजे, बरेच जण नुसती चूळ भरतात आणि बेसिन ओलं करतात. दिवसातून तीन चार वेळा. काकांनी यात तुरटीचा खडा फिरवा असंही सांगितलं, मी फिरवला नाही, मला मीठ पुरलं. सगळ्या सामानाचे मिळून चारशेच्या आत-बाहेर झाले आणि त्यात सगळ्यात जास्त गुण मिठाला द्यावा लागतोय, काय करणार.

एक गोष्ट दुकानात नाही पण शेजारच्या पानवाल्याकडे मिळाली, गुंजेचा पाला. बारीक पानं, चघळली की गोड. भजनी मंडळवाल्यांना हे माहीत असतं, आवाज बसला की गुंजपाला मागतात. पाला ठीक आहे, पण गुंजेच्या त्या लाल-काळ्या बिया अतिशय विषारी असतात, बारक्या पोरांना खेळायला देऊ नका आणि घरी वेल लावलाच तर शेंगांकडे लक्ष ठेवा.

दुकानाचा एक स्टार का गेला तेही सांगते. कुठल्याच पुडीवर तारीख नाही. कागदाच्या पुड्या, वर पेन्सिलने नाव, बस्स. कंकोळ मी वीस रुपयांचं घेतलं, घरी येऊन कुटलं तर वासच नाही, म्हणजे ते खणात कधीपासून पडलेलं होतं देव जाणे. लवंग मात्र मी तिथेच नखाने दाबून बघितली, तेल सुटलं, मग घेतली. लवंगेत युजेनॉल असतं, दातदुखीत जीभ बधिर होते ते त्यानेच, एक लवंग खडीसाखरेसोबत धरली की घशालाही तात्पुरतं बधिर वाटतं. संध्याकाळी गर्दीत गेलात तर हे असं एकेक मोडून, दाबून बघायला कोणी वेळ देत नाही, दुकान उघडल्या उघडल्या जा, काका मूडमध्ये असतात.

आणि हे सगळं साध्या घसादुखीसाठी हं. बहुतेक घसे व्हायरसने धरतात आणि काही केलं नाही तरी आठवडाभरात सुटतात, त्यावर अँटिबायोटिकचा उपयोग नाही, म्हणून उरलेल्या गोळ्या शोधून खाऊ नका. पण शाळकरी मुलाला सणकून ताप आहे, सर्दी-खोकला नाही, गळ्यात गाठी दुखतायत, टॉन्सिलवर पांढरं दिसतंय, तर काडी चघळायला देऊन वाट बघू नका. घसा धरलेल्या दहा मोठ्या माणसांत एखाद्याला स्ट्रेप्टोकोकसचा जंतू असतो, मुलांत दहात तिघांपर्यंत, आणि तो अंगावर काढला तर पुढे संधिवाताचा ताप येऊन हृदयाच्या झडपा खराब होऊ शकतात. त्याला पूर्ण कोर्स लागतो. थुंकी गिळता येत नाही, तोंड उघडत नाही, श्वासाला आवाज येतो, असं काही असेल तर रात्र असली तरी दवाखाना गाठा. आणि आवाज तीन आठवडे बसलेलाच राहिला, विशेषतः तंबाखू-सिगरेटवाल्यांचा, तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरला आत बघू द्या. आयुर्वेदाचाच सल्ला हवा असेल तर पंचवटीत गणेशवाडीला आयुर्वेद महाविद्यालय आहे, तिथे वैद्याला नाडी दाखवा, गल्ल्यावरच्या काकांना नका दाखवू, ते स्वतःच तसं सांगतात.

माझा आवाज परत आलाय, नवऱ्याने तशी तक्रारही केलीय. तुम्ही जाल तेव्हा ज्येष्ठमध पन्नास ग्रॅमच घ्या, जास्त घेऊन पावसाळ्यात भुंगा लागतो. खदिरादिची छोटी डबी. वंशलोचन मागताना दोन्ही डबे दाखवा म्हणा. आणि पुडी बांधून झाली की त्यांच्याचकडून पेन घेऊन वर तारीख टाकून घ्या, मी तसं केल्यावर काकांनी जरा रोखून बघितलं पण पेन दिलं.